येते हं

ब्याण्णव सालच्या हिवाळ्यातला रविवार. हेमंतला खरं तर दुधनीला जाऊन जलाशय बघायचा होता, पण त्याच्या सात वर्षांच्या लेकीने, रसिकाने बंकरचा हट्ट धरला आणि स्कूटर अथालकडे वळली. हेमंत पुण्याचा, सिल्वासातल्या एका कारखान्यात इंजिनीअर. मोजता येत नाही ते नसतंच, हा त्याचा खाक्या होता.

महायुद्धाच्या काळात इथून जंगलातली लाकडं वाहणारी छोटी रेल्वे होती. बॉम्बच्या धास्तीने तिच्या मजुरांसाठी हा बंकर खणला. आता रूळ गेले, भिंतींना चुना लागला, ट्यूबलाइट आली आणि दाराशी भेळवालाही बसू लागला.

आत दमट गारवा होता, गंजक्या लोखंडाचा वास होता. धुळ्याहून आलेल्या वाळू नावाच्या गाइडने पाठ केलेलं घडाघडा सांगितलं. "एक दिवस भोंगा झाला. सगळे मजूर खाली आले. मुकादमाने बाहेरून कडी घातली, 'येतो' बोलला आणि गेला तो गेलाच. आतले वाट बघत राहिले. म्हणून इथून निघताना 'येतो' बोलायचं नाय, साहेब. 'जातो' बोलायचं."

"भूत तिकिटातच, की वेगळं?" हेमंतने टोला हाणला.

वाळूने पायऱ्यांकडे हात केला.

पायऱ्यांपाशी रसिका मागे वळली. कुणाकडूनही निघताना म्हणायची आईने लावलेली सवय. रिकाम्या बाकांकडे बघून ती गोड आवाजात म्हणाली, "येते हं."

वाळूचा चेहरा पडला. त्याने दोघांना बाहेर घेऊन घाईघाईने दार ओढलं. आतून काहीच आवाज आला नाही. हेमंतला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

त्यानंतर घरी रसिका अभ्यासातून मान वर करून ओरडायची, "आले, आले!"

"मी कुठे हाक मारली?" तिची आई, विद्या, स्वयंपाकघरातून विचारायची.

हेमंतने पोरीचे कान तपासून आणले. कान उत्तम होते. तरीही तो तिला स्वतः शाळेत सोडू लागला.

एका सकाळी तो किल्ली घेऊन दारात उभा होता. रसिकाने दप्तर पाठीला लावलं.

"आई, जाते."

विद्या लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "असं म्हणू नये गं. येते म्हण."

रसिका वाकून बुटाची नाडी बांधत होती. तिच्या केसांना गंजाचा वास येत होता.

"दोन ठिकाणी कशी येणार?" ती म्हणाली. "तिथे सांगितलंय ना मी."