सत्ताविसावा अंक

"सूनबाई फारच घुमी आहे हो, भावोजी. आज जरा भुताबिताचं सांगा, निदान किंचाळेल तरी."

सासूबाई हे काकांना म्हणाल्या तेव्हा मी दाराआड पांघरुणांची चळत घेऊन उभी होते. ऐकलं नाही असं वाटावं म्हणून थोडी थांबले आणि मग आत गेले.

लग्नाला सव्वा महिना झाला होता. मला बोलायचं नसायचं असं नाही. पण या घरात सगळे एकदम बोलतात, आणि मला आपली पाळी येईपर्यंत थांबायची सवय.

काका म्हणजे माझे चुलतसासरे. छापखान्यातून निवृत्त झालेले, आणि जुन्या कॉमिक्सपायी उभा जन्म घालवलेले. काकूंना बघायला निघाले तेव्हासुद्धा वाटेत रद्दीच्या दुकानात शिरले होते म्हणे, आणि तासाभरानं धुळीनं माखून पोचले. जेवणं झाल्यावर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोर चटईवर आम्ही तिघं: मी, नवरा आणि नणंद.

आधी नेहमीचा पाठ झाला. सुरुवातीचा काळ दोन रंगांचा. कागद खरखरीत, लाल रंग हटकून सरकलेला, त्यामुळे नायकाचे ओठ गालावर. मग चार रंगांची, ठिपक्याठिपक्यांची भरभराट. नवा अंक यायच्या दिवशी मुलं दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसायची. मग गुळगुळीत कागद आला, घरोघर टीव्ही आला, आणि एकेक मालिका गोष्ट अर्धी टाकून बंद पडली.

"कागद हुंगून मी साल सांगतो," काका म्हणाले.

"माझे मोजे तेवढे हुंगू नका," नवरा म्हणाला. नणंद खिदळली. काका हसले नाहीत.

मग त्यांनी आपल्या ओळखीच्या एका माणसाचं सांगायला घेतलं.

या माणसाकडे एका मालिकेचे एक ते सव्वीस अंक होते. सत्ताविसाव्यानं त्याला तीस वर्षं हुलकावणी दिली होती. तोच शेवटचा अंक. त्यानंतर प्रकाशकानं गाशा गुंडाळला. अठ्ठाविसावा छापलाच गेला नाही. चार वर्षांपूर्वी रद्दीवाल्यानं त्याला एक पत्ता दिला. पाण्याच्या टाकीमागचं बैठं घर. दार एका म्हातारीनं उघडलं. अंक होता, पण विकायचा नव्हता. पिना गंजून कागद खायला लागल्या होत्या, तेवढ्या बदलून हव्या होत्या. अंक तिच्या मुलाचा. तो दहा वर्षांचा असताना तापात गेला. वाचता वाचता जिथे थांबला, त्या अकराव्या पानाचा कोपरा त्यानं दुमडून ठेवला होता.

"पिना बदला," म्हातारी म्हणाली, "बाकी कशाला हात लावू नका."

त्यानं मान डोलावली. मनात म्हटलं, आज पिना, उद्या ओळख, परवा देईलच.

तारीख अकरा डिसेंबर, वार बुधवार. रात्री नऊला तो टेबलाशी बसला. जुन्या पिना काढल्या, नव्या घातल्या. पण दुमडलेला कोपरा दिसला की संग्राहकाचा हात थांबत नाही. समोरच्या पोराचं नाक वाहत असलं की आपण पुसून मोकळे होतो, तसंच ते. टीपकागद जरासा ओला केला, बाइंडरची हाडाची पट्टी हळूहळू फिरवली... कोपरा सरळ. शब्द दिल्याचं आठवलं तेव्हा पान सपाट झालं होतं. खरं सांगायचं तर ते बघून त्याला बरंच वाटलं. अंकावर दोन जाड शब्दकोश ठेवून तो झोपला.

हे सांगताना काकांचा अंगठा मांडीवर सपाट, सावकाश फिरत होता. हा ओळखीचा माणूस किती ओळखीचा, ते मला तिथेच कळलं. बाकीचे दोघं काकांच्या तोंडाकडे बघत होते.

"बाराला वीस मिनिटं कमी," काका म्हणाले.

त्याला जाग आली. खोलीत आवाज होता. पान उलटल्याचा.

थांबला. पुन्हा एक पान. मग भराभर. पुढून मागे. मागून पुढे. आपली जागा हरवल्यावर कुणी शोधावी तसा.

मग... बारीक मुसमुसणं.

त्यानं दिवा लावला. शब्दकोश जागच्या जागी. अंक त्यांच्याखाली. त्यानं अकरावं पान उघडलं आणि कोपरा पुन्हा दुमडला.

आवाज थांबला.

सकाळी अकरावं पान सपाट होतं. तेरावं दुमडलेलं.

तो तसाच टाकीमागच्या घरी गेला. म्हातारीनं ऐकलं आणि उंबऱ्यातच बसली. पोराला दोन-दोन पुस्तकं एकदम वाचायची खोड होती, म्हणाली. तो गेल्यावर दुसऱ्या पुस्तकाची दुमड त्याच्या वडिलांनी सरळ केली होती. अशीच, नकळत. रोज एकेक कागद पुढे जात ते पुस्तक संपलं.

"संपलं त्या रात्री हे उठले. तो पुढचं मागतोय, घेऊन येतो म्हणाले... चपलाही नाही घातल्या."

"आणि?"

ते अजून यायचेत, एवढंच तिनं सांगितलं. त्यानं अंक पुढे केला. तिनं हात मागे घेतले.

"आता तो तुमच्याकडे वाचतोय," ती म्हणाली, आणि दार लावलं.

दुसऱ्या रात्री दुमड पंधराव्या पानावर. तिसऱ्या रात्री सतराव्या. चौथ्या दिवशी त्यानं अंकाला आडवी-उभी फीत बांधली, चार गाठी मारल्या, पत्र्याच्या डब्यात घालून कुलूप लावलं. पानांचा आवाज बंद झाला. तेव्हापासून डबा उघडलेला नाही.

खाली रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"आणि संपला असता तर?" नणंदेनं विचारलं.

"अठ्ठाविसावा छापलाच नाही गं," काका म्हणाले. "मागितला तर... कुठून आणायचा?"

नवऱ्याला ही थाप वाटली. एवढं खरं असेल तर दाखवा अंक, म्हणाला. काका आत गेले आणि पत्र्याचा चपटा डबा घेऊन आले. त्या माणसानं सांभाळायला दिलाय म्हणे. कुलूप गंजलं होतं, किल्ली दोनदा अडली. आत अंक. फीत जशीच्या तशी, चारी गाठी घट्ट, गाठींवर चार वर्षांची बुरशी.

"सोडायची नाही," काका म्हणाले. "नुसतं बघा."

नवऱ्यानं मुखपृष्ठ बघितलं, नायकाच्या मिशीवर काहीतरी बोलला आणि पुढे दिला. नणंदेनं दोन बोटांत धरून लगेच माझ्याकडे सरकवला. मी तो दिव्याखाली आडवा धरला. फितीच्या बाहेर राहिलेली पानांची कड दिसत होती. पुढून बघितली, सगळे कोपरे सरळ. मग अंक उलटा केला आणि मागून नखानं पानं मोजायला घेतली.

मोजावं लागलं नाही.

काका माझ्या हाताकडे बघत होते. अंगठा थांबला होता.

"काका," मी म्हणाले, "सतरावं पान सपाट आहे. दुमड शेवटच्या पानाला आहे."