चादरीमागचे साहेब

दाराला कुलूप नव्हतं. डोकं दुखतं म्हणून ती दुकानातून लवकर घरी आली, तर दिवाणखान्यात एक अनोळखी तरुण माशांच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून उभा.

"हलू नका," तो मागे न बघताच म्हणाला. "आत्ताच वाळू हलली."

"घर माझं आहे. कुणी हलायचं ते मी ठरवेन."

तेव्हा कुठे तो वळला. ओल्या हाताने खिशातून किल्ली काढून दाखवली, मावशीने दिलेली. दर मंगळवारी खाऱ्या पाण्याची टाकी साफ करायला येणारा टाकीवाला तो हाच होय... ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे तिला त्याची ओळख फक्त ओल्या पायपुसण्यावरून.

मावशी जाऊन दीड महिना झाला होता. आईमागे तिला वाढवलं ते मावशीनेच. संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसून मावशी टाकीकडे बघत राहायची. त्यात तिचे लाडके दोन रॅस मासे होते. निळे, केशरी रेघांचे 'साहेब', आणि पिवळसर, पंखावर काळा ठिपका असलेल्या 'बाई'. पोवळ्यांना धक्का न लावणारी, निजायला वाळूत शिरणारी गरीब जात. खोड एकच, उडी मारायची. मावशी गेली त्याच दुपारी साहेबांनी जाळीच्या फटीतून उडी घेतली, आणि हिने त्यांना स्वतःच्या हाताने गॅलरीतल्या कुंडीत पुरलं. बाई वाळूत शिरल्या त्या पुन्हा दिसल्याच नाहीत. मग ती काचच आपल्याकडे बघतेय असं वाटायला लागलं. म्हणून तिने समोरून चादर लावून टाकली.

"बाई जिवंत आहेत," टाकीवाला म्हणाला.

"मग दिसत का नाहीत? रविवारी गिऱ्हाईक येतंय. वाळू उपसून टाकी नेणार."

"वाळू उपसली तर त्या मरतील हो."

"मेलेलं आणखी काय मरणार," ती म्हणाली, आणि चादरीमागून आवाज आला. टक. टक. टक.

मावशी काचेवर अंगठीने तीनदा वाजवायची, मग खायला घालायची.

"सुट्टीच्या दिवशी ऐकते मी हे... चार दहाला," ती पुटपुटली. "मला वाटलं, मला वेड लागतंय."

त्याने घड्याळ पाहिलं. चार दहाच झाले होते. त्याने झटकन चादर सरकवली, तर आत कोणी नाही. खडकाजवळ वाळूचा एक लोट हळूहळू खाली बसत होता.

त्याने कात्री मागितली आणि चादरीला डोळ्याएवढं भोक पाडलं.

"मावशीची चादर आहे ती."

"त्या रागावल्या तर माझं नाव सांगा."

दुसऱ्या दिवसापासून ती अर्धी रजा टाकून घरी येऊ लागली, आणि तो चारच्या ठोक्याला हजर. भोक एक, डोकी दोन.

"तुमच्या केसांना मिठाचा वास येतो," ती कुजबुजली.

"धंद्याचा आहे. जात नाही."

"जा म्हणून कुणी सांगितलंय..."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. टकटक व्हायची, पण खडकाच्या पलीकडून. दोघं श्वास रोखून बसायची, आणि उठताना उगाच वेळ लावायची.

शनिवारी चार दहाला तिने भोकाला डोळा लावला. खडकामागून साहेब बाहेर आले. तोच निळा रंग, त्याच केशरी रेघा. तोंडात एक शंख धरून ते थेट भोकाकडे बघत होते.

तिने टाकीवाल्याचं मनगट गच्च धरलं. "साहेब आहेत. मी पुरलंय त्यांना... माझ्या हातांनी पुरलंय."

त्याने बराच वेळ पाहिलं. "साहेब नाहीत, बाईच आहेत. ह्यांच्यात नर गेला की मोठी मादी हळूहळू नर होते. पंखावरचा ठिपका बघा, अजून पुरता पुसला नाही."

"आणि टकटक?"

"शंख दगडावर आपटून फोडतात."

"चार दहालाच?"

"मावशींची भरवायची वेळ ना ती. मावशी नाहीत हे पोटाला कोण सांगणार?"

"आणि तीनदाच?"

"ते मलाही नाही सांगता येत."

तिला रडू फुटलं. मावशीचं म्हणून काहीच उरलं नाही असं ती धरून चालली होती, आणि मावशीची बाई तिथेच एकटी होती. त्यात हिनेच समोरून चादर लावली होती.

"टाकी गेली असती तर मला इथे यायला निमित्त उरलं नसतं," तो खाली बघत म्हणाला. "मंगळवारी धडपडलो ते बाईंसाठी. पण रोज चारला येत होतो ते... बाईंसाठी नव्हतं."

"मग कुणासाठी?"

"डोळे तपासता ना? बघा की."

तिने पाहिलं, अगदी निवांत. मग फोन उचलून गिऱ्हाइकाला सांगितलं, टाकी विकायची नाही, तिच्यात घरची माणसं राहतात. मावशीची अंगठी बोटात घातली, चादर ओढून काढली आणि काचेवर तीनदा वाजवलं.

बाई आल्या. ह्या वेळी वाळूत शिरल्या नाहीत, काचेला तोंड लावून थांबल्या. पण त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. तिच्या मागे, वेताच्या खुर्चीकडे बघत होत्या.

खुर्ची हलकेच करकरली. दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही. त्याने आपल्या गार हाताने तिचा हात धरला.

"मावशी," ती काचेकडे बघतच म्हणाली, "हा मला आवडतो."