मधली वसुमती

नात्यातलं लग्न आटोपून घरच्यांची व्हॅन तंजावरला निघून गेली आणि वसुमती पापनाशमलाच राहिली. १९९४ सालची गोष्ट. पोंगल नुकताच झाला होता. तिथेच राहणाऱ्या म्हाताऱ्या मावशीला हात धुवायला पाणी देऊन ती बाहेर आली, तर अंगणात केळीच्या उष्ट्या पानांचा ढीग... आणि पायरीवर एकटाच बसलेला तरुण.

तो वरपक्षाकडचा श्रीकर. त्याचीही व्हॅन गेली होती.

"तीन भावांत मधला," तो हसून म्हणाला. "तुम्ही?"

"मीही... तिघींतली मधली."

"मग आपल्याला न्यायला कुणी परत येत नाही. चला, बस पकडू."

स्टँडवर त्याने कॉफी घेतली आणि तिला विचारलं, साखर किती? वसुमतीला चटकन सांगता येईना. घरात थोरल्या कामाक्षीअक्काचं ऐकलं जाई, धाकट्या लावण्याचं कौतुक होई. वसुमती कशालाच नाही म्हणत नसे, म्हणून तिला कुणी विचारतही नसे. श्रीकरचं तेच — थोरल्याचे सदरे घालत, धाकट्याची समजूत काढत तो वाढला होता.

पुढे ती तिरुवैयारूला वीणा शिकायला जाई, त्याच बसने जाण्यासारखं श्रीकरला दर शनिवारी काहीतरी काम निघू लागलं. वर्षभराने त्याला बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. कावेरीच्या घाटावर त्याने हळूच विचारलं, "येशील?"

"अक्काचं लग्न व्हायचंय अजून..."

"अक्काचं नाही विचारलं मी. तुझं विचारतोय."

रविवारी ताकभाताच्या वेळी वसुमतीने घरात सांगून टाकलं. आईचा हात पळीवरच थांबला. थोरलीच्या आधी मधलीचं केलं तर लोक काय म्हणतील, असं अप्पा बोलू लागले. एरवी ती गप्प बसली असती.

"मला तोच हवा आहे, अप्पा."

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

अप्पांनी मान खाली घातली. तेवढ्यात अक्का म्हणाली, मला अजून शिकायचं आहे, वसूला पुढे जाऊ द्या. जेवणं झाल्यावर ओसरीवर येऊन ती वसुमतीजवळ बसली. तिचे डोळे भरले होते.

"थोरलेपणाचा मला किती कंटाळा आलाय गं... तुला ठाऊक नाही."

वसुमतीला खरंच ठाऊक नव्हतं. तिने अक्काचा हात घट्ट धरला.

वैशाखात लग्न झालं. बंगळूरच्या घरात आजही लग्नाचे फोटो निघाले की श्रीकर नवरीला शोधतो. वसुमती शोधते अक्काला — मांडवात सगळ्यांच्या मागे, कुणाचीच जबाबदारी नसल्यासारखी मोकळी हसणारी.