एकुलत्या हस्तलिखिताचा शोध

"आदेश, स्टूल हलवू नकोस! अक्षर वाकडं गेलं तर उद्या सगळं गाव मला हसेल!"

"गाव अक्षर बघायला येतंय होय? गाव निकाल बघायला येणार!" दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा असलेला आदेश म्हणाला. "आणि माझा निकाल बघितल्यावर तुझ्या अक्षराला हसायला कुणाला सवड उरणार नाही!"

तीस एप्रिलची सकाळ होती. पेणपासून थोड्या अंतरावर असलेल्या त्या माध्यमिक विद्यालयाचे वर्ष दुसऱ्या दिवशी संपणार होते. नववीतली दिशा सूचनाफलकावर उद्याचा कार्यक्रम लिहीत होती. सकाळी सात वाजता ध्वजवंदन, त्यानंतर पाचवी ते नववीचे निकाल, मग पारितोषिकांची घोषणा आणि सर्वांत शेवटी, रंगीत खडूंच्या महिरपीत, 'रानपाला' या हस्तलिखिताचे प्रकाशन.

हस्तलिखित हे त्या विद्यालयाचे जुने व्रत होते. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांनी स्वहस्ते लिहावे, चित्रांनी सजवावे, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी ते पूजेच्या पोथीप्रमाणे पाटावर ठेवून त्याचे प्रकाशन व्हावे, अशी तेथली रीत. त्याची प्रत एकच असे. यंदा संपादनाचा मान दिशाला मिळाला होता; परंतु निम्म्याहून अधिक पाने तिची मैत्रीण रोशनी हिची होती.

रोशनी नदीकाठच्या वाडीतून शाळेत येई. तिची आजी रंभा रानातला पाला न् पाला ओळखत असे. वर्षभर दर रविवारी रोशनी आजीच्या पाठोपाठ रानात हिंडली होती. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात उगवते, कोणती दोनदा उकळून पाणी टाकावे लागते, कोणती बाळंतिणीला द्यावी, हे सारे तिने लिहून घेतले होते, आणि प्रत्येक भाजीचे एकेक पान दाबून, वाळवून त्या त्या पृष्ठावर चिकटवले होते. रंभाआजीला अक्षरओळख नव्हती. शाळेच्या फाटकातून तिने आजवर कधी पाऊल आत टाकले नव्हते. उद्या ती येणार होती.

"आजीनं नवं लुगडं काढून ठेवलंय," दिशाला खडू देत रोशनी म्हणाली. "सारखी इचारते, माझा पाला पुस्तकात बसला का नीट? म्हटलं, उद्या तुझ्याच डोळ्यांनी बघ की गो!"

"मग आज आपणच एकदा बघून घेऊ," खडू ठेवत दिशा म्हणाली. "काल बांधणी झाली. आता ते वाळलं असेल."

तिघे ग्रंथालयात गेले. दिशाने काचेचे कपाट उघडले. वरचा कप्पा रिकामा होता. मधला पाहिला, खालचा पाहिला. हस्तलिखित नव्हते!

लेखनिक हैबतराव, ज्यांना सारी शाळा भाऊसाहेब म्हणे, ते शेजारच्या खोलीत निकालपत्रकांवर शिक्के मारीत होते.

"भाऊसाहेब, कपाटातलं हस्तलिखित तुम्ही कुठे हलवलंत का?" दिशाने विचारले.

"मी कपाटाला हातही लावलेला नाही!" हैबतराव मान वर न करता म्हणाले. "मुलांच्या हाती मोलाची वस्तू दिली की असंच व्हायचं. घरी नेलं असेल कुणीतरी. आधी आपापली दप्तरं तपासा!"

"सुभाष सरांना विचारू," आदेश म्हणाला. ग्रंथालय सुभाष सरांकडे होते आणि बांधणीही त्यांनीच केली होती. परंतु सर पहाटेच अलिबागला प्रशिक्षणासाठी गेले होते आणि त्यांचा दूरध्वनी बंद होता.

मुख्याध्यापिका शांतीबाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "उद्या पाहुण्यांसमोर रिकामा पाट मांडता येणार नाही, मुलांनो," त्या म्हणाल्या. "सायंकाळी सहापर्यंत सापडलं नाही, तर ती शेवटची ओळ पुसावी लागेल."

दिशाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहिले. नवे लुगडे नेसलेली रंभाआजी फाटकातून आत येते आहे, आणि तिला दाखवायला काहीच नाही. दुसरी प्रत कुठून आणणार?

ती पुन्हा ग्रंथालयात आली तेव्हा रोशनी मेजाशी वाकून काहीतरी निरखीत होती.

"दिशा, हिकडं ये. मुंग्या बघ."

"आता मुंग्या बघायच्या? त्यांना विचारायचं का, आमचं पुस्तक पाहिलंत का म्हणून?" आदेश म्हणाला.

"व्हय, त्यांनाच इचार! कोऱ्या लाकडावर मुंग्या कशाला येतील?"

दिशा खाली वाकली. लाल मुंग्यांची एक रांग मेजावर चढून एका चौकोनी डागाभोवती फिरत होती. तिने डागावर नख घासले. पिठाची वाळलेली खळ होती! पुस्तक बांधताना सुभाष सर हीच खळ वापरीत. डागाची लांबीरुंदी तिने वितीने मोजली. ती थेट हस्तलिखिताएवढी भरली. कडेला वर्तमानपत्राचा एक कपटा चिकटलेला होता.

"म्हणजे पुस्तक कपाटात नव्हतंच," दिशा सावकाश म्हणाली. "बांधणी ओली असताना पुस्तक सपाट राहावं म्हणून त्यावर वजन ठेवतात. सरांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून इथेच ठेवलं, आणि वर..."

"जुन्या पेपरांचा गठ्ठा!" आदेश ओरडला. "काल इथे छातीएवढा गठ्ठा होता! आज कुठाय?"

तिघे धावत हैबतरावांकडे गेले.

"भाऊसाहेब, कपाटाचं राहू द्या. मेजावरची वर्तमानपत्रं कुठे गेली?"

"ती होय? आज सकाळीच हमरापूरला पाठवली. दरवर्षीचा शिरस्ताच आहे आपला!" हैबतराव म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या हातातला शिक्का हवेत थांबला. "का? काय होतं त्यात?"

शिरस्ता साऱ्यांना ठाऊक होता. वर्षाअखेर शाळेची रद्दी हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात जाई. तेथे कागद भिजवून, दळून त्याचा लगदा होई, त्या लगद्यातून मूर्ती घडत, आणि भाद्रपदात त्यांतलीच एक मूर्ती शाळेला मिळे. आजवर या देवघेवीत कुणाचेच काही बिघडले नव्हते.

"लगदा!" रोशनीचा चेहरा उतरला. "आजीच्या पाल्याचा लगदा करतील?"

"कारखाना माझ्या मैनामावशीचा आहे," आदेश म्हणाला. "चला! मावशी मला ओरडेल, पण पुस्तक देईल!"

शांतीबाईंची अनुज्ञा घेऊन तिघे रिक्षाने हमरापूरला पोहोचले. कारखान्यात पांढऱ्या, अजून डोळे न उघडलेल्या मूर्तींच्या रांगा शांत बसल्या होत्या. मैनामावशी एका सोंडेवरून ओला हात फिरवीत होती.

"शाळेची रद्दी? ती इथं उतरलीच नाय रे," ती म्हणाली. "माझं टाकं भरलेलं हाय. टेम्पोवाल्या काळुरामला सांगितलं, सरळ रोह्यापल्याड अष्टमी गावात जगनकडं दळायला टाकून ये. तो आताच परत आलाय बघ."

"जगनकाकांना फोन लाव ना, मावशी!"

मावशीने तीनदा लावला. "नाय उचलत. दळायचं यंत्र चालू असलं की त्याला काय ऐकू येतंय! काळुराम, तू साचे घेऊन पुन्हा निघालास ना? या पोरांना ने. आणि नीट ने! तुमच्या बाईंना मी कळवते."

काळुराम टेम्पो सुरू करीत हसला. "एवढं काय हाय त्या कागदात? कागद तो कागद."

"काका, तुमचं लायसन पण कागदच आहे ना?" आदेशने विचारले. "द्या, भिजवून बघू!"

काळुरामने नकळत खिशावर हात ठेवला आणि वेग वाढवला.

वाटेत त्याला रोह्याच्या बाजारात शाडूची पोती उतरवायची होती. तेथे अर्धा तास गेला. दिशाला तो दिवसाएवढा वाटला. अखेर कुंडलिकेवरचा पूल ओलांडून टेम्पो अष्टमीला जगनच्या पत्र्याच्या शेडसमोर थांबला, तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

"गठ्ठ्यांना हात नाय लावायचा!" दिशाचे बोलणे पुरते होण्याआधीच जगन म्हणाला. "पोरांनी उचकपाचक केली की सगळा कागद वाऱ्यावर. हस्तलिखित का फिस्तलिखित, माझ्याकडं काय नाय. मला तीन वाजता माल भिजवायचा हाय."

आदेश काही बोलणार होता. दिशाने त्याचा हात दाबला. जगनच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या तिला दिसल्या होत्या.

"काका, बोटांना काय झालं?" तिने नम्रपणे विचारले.

"पिना! शाळेच्या कागदात पिनाच पिना. एक जरी राहिली तर यंत्राचं पातं जातं. आणि पिना काढणारी बाई आज आली नाय."

"आम्ही काढतो! एकेक कागद बघून. पीन राहिली तर आम्हाला विचारा."

जगनने तिच्याकडे निरखून पाहिले. "फुकट?"

"फुकट!"

"मग बसा की! वारा येतो तिथून जरा लांब बसा."

ज्या गठ्ठ्यांना हात लावायला बंदी होती, ते जगनने आपल्याच हातांनी आणून मुलांपुढे सोडले! आदेशने तोंडात रुमाल कोंबून हसू आवरले. मग तिघांनी एकेक कागद चाळायला आरंभ केला. जुन्या प्रश्नपत्रिका, सहलीच्या सूचना, गेल्या वर्षीचे वेळापत्रक. मूठभर पिना जमल्या. गठ्ठे संपले. हस्तलिखित मिळाले नाही.

"यात वर्तमानपत्र एकही नाही," दिशा म्हणाली आणि जगनकडे वळली. "काका, वर्तमानपत्रं कुठे आहेत?"

"ती आधी जातात. लवकर मुरतात ना. ती काय, टाक्यात."

रोशनी तेव्हाच उठली होती. तिने टाक्याच्या काठावर पोट टेकले आणि खांद्यापर्यंत हात करड्या पाण्यात घातला. नदीत खेकडे धरताना बोटे जशी दगडाखाली फिरवावीत, तशी तिची बोटे तळाशी फिरत होती.

"सुतळी लागली," ती हळूच म्हणाली. "गठ्ठा सोडलेला नाय. धरा मला!"

दिशा आणि आदेश यांनी तिला कमरेशी धरले. जगनही धावला. चौघांनी मिळून निथळता गठ्ठा वर काढला. वरची वर्तमानपत्रे लापशीसारखी झाली होती. पण गठ्ठा घट्ट बांधलेला असल्याने पाणी आत पुरते शिरले नव्हते. अगदी तळाशी, जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, 'रानपाला' होता.

दिशाने पुठ्ठा उचलला. पहिली आठ पाने तिच्या संपादकीयाची. तिने ती हौसेने शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरांत लिहिली होती. तेथे आता फिकट निळे आभाळ पसरले होते. एक शब्दही वाचता येत नव्हता. त्यापुढची रोशनीची पाने साध्या बॉलपेनची होती. त्यांच्या कडा ओलावल्या होत्या, पण अक्षर न् अक्षर जागेवर होते. पानापानाला चिकटलेला पालाही!

"दिशा, तुझं समदं गेलं गो," रोशनी कळवळून म्हणाली.

दिशाने एकदा त्या निळ्या पानांकडे पाहिले. डोळे भरून आले. मग तिने ते बाहीने पुसले. "माझं मी रात्रीत पुन्हा लिहीन. आजीचं कुणाला लिहिता आलं असतं?"

जगन डोके खाजवीत उभा होता. "मी समजलो, वही-बिही असेल. हे तर..." त्याने कोरड्या कागदांची चळत आणली. "पिळायचं नाय. उन्हातबी ठेवायचं नाय, पान वाकडं होतं. मूर्तीसारखं सावलीत वाळवायचं. दोन पानांत एक कोरा कागद, आणि दर घटकेला बदलायचा. बसा, मी दाखवतो."

तीन वाजता भिजणारा माल त्या दिवशी भिजलाच नाही. सायंकाळी काळुरामचा टेम्पो पेणच्या रस्त्याला लागला, तेव्हा जगन स्वतः मागे बसून पुठ्ठा मांडीवर धरून होता. सहाला पाच मिनिटे कमी असताना ते शाळेत पोहोचले. सूचनाफलकाशी शांतीबाई उभ्या होत्या, हातात फडके होते. मुलांच्या हातातले ओझे पाहताच त्यांनी ते खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी ध्वजवंदन झाले, निकाल लागले. आदेश उत्तीर्ण झाला, याचे सर्वाधिक आश्चर्य आदेशलाच वाटले. मग पाटावर हस्तलिखित मांडले गेले, किंचित फुगलेले, कडांना करडे झालेले, आरंभी दिशाने रात्रीत पुन्हा लिहिलेली आठ पाने असलेले. प्रकाशनापूर्वी सुभाष सर पुढे आले. "पुस्तक रद्दीखाली ठेवलं मी, आणि कुणाला सांगितलं नाही. दोष माझा," ते म्हणाले.

"आणि न पाहता रद्दी दिली मी, वर पोरांनाच बोललो," हैबतराव उठून म्हणाले. "पोरांनो, चुकलो!"

शांतीबाईंनी तिघांना व्यासपीठावर बोलावले. "मुंग्यांची रांग पाहून विचार करणारी आणि न भांडता गठ्ठे उघडायला लावणारी ही मुले आमची आहेत, याचा मला अभिमान वाटतो. मात्र आजच्या प्रकाशनाचा मान माझा नाही. रंभाआजी, पुढे याल का?"

नव्या लुगड्याचा पदर सावरीत आजी आली. तिने पुस्तकाला हात जोडले आणि एकेक पान उलटू लागली. अक्षरांवरून तिची नजर घसरून जाई. पाल्यावर मात्र ती थबके. कुर्डू, टाकळा, कोरळ, शेवळा. ती पुटपुटत होती आणि सारे सभागृह ऐकत होते. एका पानाशी ती थांबली. वाकली, त्या वाळलेल्या पानाचा वास घेतला आणि नातीकडे वळली.

"रोशने, इथं काय लिवलंस?"

"भारंगी, आजी."

"ही भारंगी नाय गो! फांगळा हाय ह्यो! वर्षभर माझ्यामागं हिंडलीस, आणि हे शिकलीस व्हय?"

सभागृहात हशा उसळला. रोशनीने जीभ चावली. हैबतरावांनी घाईने खिसा चाचपून आपला पेन पुढे केला. तो शाईचा आहे हे पाहून दिशाने तो नम्रपणे परत दिला आणि आदेशकडून बॉलपेन मागून घेतला. 'भारंगी' या शब्दावर तिने एक सरळ रेघ ओढली, वर 'फांगळा' असे लिहिले आणि पेन हातातच ठेवून ती आजीच्या शेजारी उभी राहिली.

"आजी, पुढचं पान बघा," ती म्हणाली. "सावकाश बघा. आज सुट्टी लागली आहे."