काकांच्या विमानातला रेडिओ

ज्यांना यात करमणूक शोधायची आहे, त्यांनी पुढे वाचू नका. हे माझ्यासोबत घडलंय. भर दुपारी अडीच वाजता, एका छोट्या धावपट्टीच्या हँगरमध्ये. मी तिथे विमानांचे रेडिओ दुरुस्त करते.

माझे सख्खे काका तिथेच विमान चालवायला शिकवायचे. त्यांच्या रेडिओत शिट्टीसारखा आवाज यायचा. त्यांनी वहीत तीनदा तक्रार लिहिली. मुख्य इंजिनिअर साहेबांनी मला विमानाला हातही लावू दिला नाही. तिन्ही वेळा खाली लिहिलं, 'दोष आढळला नाही.'

मग एक दिवस धावपट्टीवर गवत कापायचा ट्रॅक्टर बंद पडला. उतरू नका, उतरू नका, म्हणून टॉवरवाले ओरडत राहिले.

काकांना ऐकूच गेलं नाही.

विमान ट्रॅक्टरवर आदळलं आणि काका गेले. चौकशीत ठरलं, चूक वैमानिकाची. काकूने तो कागद वाचला आणि घडी घालून कपाटात ठेवून दिला. माझं मात्र जे डोकं फिरलं, ते आजही ताळ्यावर नाही.

पाच महिन्यांनी साहेबांनी मला दुसरंच एक विमान दिलं. रेडिओत शिट्टी येते, संध्याकाळपर्यंत बघून टाक म्हणाले.

मी हेडफोन लावून इंजिन चालू केलं. वेग वाढवला की शिट्टी चढायची. म्हणजे वीज तयार करणारा आल्टरनेटरच त्रास देतोय. सरळ गोष्ट.

आल्टरनेटर बंद केला.

शिट्टी चालूच...

पंखांवरचे दिवे बंद केले. इंजिन बंद केलं. शेवटी बॅटरीची वायरच काढली. आता विमानात वीजच नव्हती.

शिट्टी चालूच... आणि तिच्या आडून कुणीतरी बोलत होतं.

"ऐकू येत नाहीये. परत सांगा."

काकांचा आवाज.

 मी रेडिओ खेचून बाहेर काढला. नंबराची पट्टी खरवडलेली होती. पण तळाला एक खूण होती... मागे कधीतरी दुरुस्ती केल्यावर मीच कोरलेली.

तो काकांच्या विमानातला रेडिओ होता.

भीती कुठल्या कुठे पळाली. तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच नेऊन साहेबांच्या टेबलावर आदळला. आधी त्यांनी उडवाउडवी केली. मग म्हणाले, "धडधाकट होता. भंगारात कशाला टाकायचा?"

मी गळ्यातला हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरला.

"घाला कानाला."

त्याची पिन कशातच खोचलेली नव्हती. नुसती लोंबकळत होती.

साहेबांनी वैतागून तो कानाला लावला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ऐकतोय..." ते पुटपुटले. "ऐकतोय."

रेडिओ आणि ती वही मी चौकशीवाल्यांच्या हवाली केली. अहवाल बदलला. साहेबांची नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी ते फाटकात भेटले. मी विचारलंच, काका काय म्हणाले तुम्हाला?

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"काका? ...त्यात तर तुझा आवाज होता."

मी काय बोलत होते, ते त्यांनी सांगितलं नाही. जाता जाता मला छळायला खोटं बोलले असतील. माणूस तसाच आहे, आणि मी त्याला कधीच माफ करणार नाही.

पण दुरुस्ती झाली की चाचणीसाठी मला विमानातून वर जावं लागतं...

त्या दिवसापासून मी एकदाही गेलेले नाही.