हेडफोनमधला बेंजो

एकोणीसशे एक्क्याण्णवच्या मे महिन्यातली ती लागोपाठ सहावी हळद. सहदेवचं अंग नुसतं आंबून गेलं होतं. दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात, भर दुपारी मांडवाखाली तो मिक्सर लावत होता आणि समोर त्याचा धाकटा भाऊ चंदू बेंजोच्या तारा पिळत होता. आईबाप गेल्यावर चंदूला सहदेवनेच वाढवलं. साउंडचा धंदाही त्याच्यासाठीच काढला, कारण या पोराला बेंजोशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

बेंजोचा अँप्लिफायर जुना, व्हॉल्व्हचा. स्पीकरचा कागदी कोन फाटलेला, त्यामुळे पुढे माइक धरला की नुसती खरखर. म्हणून सहदेवने अँप्लिफायरच्या मागून वायर काढून थेट मिक्सरमध्ये घातली. लगेच भोंग्यातून घूंऽऽ असं हमिंग सुरू झालं. ते घालवायला त्याने अँप्लिफायर आणि मिक्सर, दोन्हींच्या प्लगांमधली अर्थिंगची तार कापून टाकली. चूक होती, वाजवणाऱ्याला शॉक बसू शकतो हे त्यालाही माहीत होतं. पण या धंद्यात सगळेच तसं करायचे, आणि आज त्याला डोकं चालवायचाही कंटाळा आला होता.

त्याने हेडफोन चढवला. बेंजो स्वच्छ वाजला.

चंदूचा हात मात्र अजून तारेवर पडायचा होता.

झोप नाही झाली, दुसरं काय, म्हणत सहदेवने डोळे चोळले. बाहेर भोंग्यातून सगळं वेळेवर येत होतं. हेडफोनमध्ये मात्र सूर आधी यायचा, हात मागून पडायचा.

"चंदू, मनात येल ते वाजव रं."

हेडफोनमध्ये एक गाणं सुरू झालं. चंदूने जरा विचार केला, मान खाजवली आणि नेमकं तेच उचललं.

"हाच गाना का वाजवलास रं?" सहदेवने विचारलं.

"असाच. सहज."

बायका हळद लावायला बसल्या. हेडफोनमधला सूर आणि चंदूचा हात यांतलं अंतर वाढत गेलं. आधी एक ओळ, मग एक कडवं, चार वाजेपर्यंत अख्खं गाणं.

मग हेडफोनमध्ये ते ऐकू आलं. त्यांच्या आईच्या आवडीचं संथ गाणं. तिसऱ्या कडव्यात, ओळीच्या मध्येच, लाकूड जमिनीवर आदळल्याचा आवाज झाला. पुढे काहीच नाही.

अर्थिंग! शॉक बसून बेंजो चंदूच्या हातून पडणार होता. बायकांमधून वाट काढत सहदेव धावला, प्लग उपटला, चंदूच्या मांडीवरून बेंजो हिसकावून घेतला.

"काय रं दादूस, येडा झाला काय?"

"ऊठ. आज नाय वाजवायचा."

नवरीचा बाप ओरडत राहिला. सहदेव चंदूला मांडवाच्या कडेला घेऊन गेला आणि त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. भाऊ वाचला होता. बाकी काही त्याला नको होतं.

नवरीची आत्या मालू चहा देऊन गेली. चंदू लाकडी खुर्चीवर रेलला. सहदेव शेजारी जमिनीवरच बसला.

टक टक असं काहीतरी वाजत होतं. चंदूची बोटं कपावर चालली होती. आईचं गाणं.

"चंदू, थांबव ते."

"काय थांबवू?"

त्याला खरंच कळत नव्हतं. सहदेवने त्याचा हात घट्ट धरला.

चंदूचा दुसरा हात खुर्चीच्या दांडीवर वाजू लागला.

तिसरं कडवं लागलं.