एका कानातली बाळी

"आज्जे, नको... नको!" अडीच वर्षांची आकांक्षा मांडीवर तडफडत होती, पण उषाबाईंनी नातीचे डोके छातीशी घट्ट आवळून धरले, सोनाराने तार ओवली आणि डाव्या कानात सोन्याची इवलीशी बाळी चमकली!

स्वतःच्या कानातल्या कुड्या मोडून त्यांनी त्या दोन बाळ्या घडवल्या होत्या. सप्ताहासाठी लेक-सून बदनापूरहून चार दिवस गावी आलेली; काल्याच्या कीर्तनाला नात नटून आपल्या शेजारी बसावी, एवढीच त्या माउलीची आस...

"आता उजवा," त्या म्हणाल्या, तोच दारातून त्यांचा लेक कडूबा धावत आला आणि त्याने आपली पोर हिसकावून घेतली.

"माय, पोरगी नको नको म्हणून राह्यली, अन् तू टोचून राह्यलीस?"

उषाबाईंना ओरडून बोललेलेच तेवढे ऐकू येई. दोन वर्षांपासून कीर्तनातली वीणासुद्धा त्यांना नुसती दिसायची.

"मला ऐकू आलं न्हाई रं, बाबा!"

"माझ्या टायमाला तर येत होतं ना?"

सोनाराने गुपचूप पिशवी आवरली. कडूबाने आपला उजवा कान पुढे केला. पाळीवर बोराएवढी गाठ होती.

"चार वर्षांचा होतो, बराबर ध्यानात हाय. रडलो, तर तू हात धरलेस. कान चिघळला, ही कुडीवानी गाठ आली. टाळ घेऊन उभा राह्यलो की पोरं म्हणायची, 'बाई आली रे, हिला फुगडीत धाडा!' म्हणून टाळ ठिवला, माय. अन् तू गावभर सांगत राह्यलीस, पोराला देवाची गोडी न्हाई!"

उषाबाईंचे काळीज चरकले. तीस वर्षे... तीस वर्षे प्रत्येक कीर्तनात हात जोडून त्यांनी पांडुरंगाकडे एकच मागणे मागितले होते, माझ्या कडूबाच्या मुखी एकदा तुझे नाव येऊ दे! आणि ते नाव त्याच्या ओठांवरून त्यांनी आपल्याच हातांनी पुसले होते!

"तुझ्या आधीची दोघं चौथं वरीस सरायच्या आत गेल्ती रं... तुझं नाव कडू ठिवलं, कान टोचला, यमाला तू नको वाटावास म्हणून!"

"मंग तेच सांगायचं होतंस, माय! म्या हौसेनं कान पुढं केला असता..."

उषाबाईंनी उरलेली बाळी सुनेच्या, शीतलच्या ओंजळीत ठेवली. "मागंल तव्हा दे तिला. न्हाई मागितली, तर इठ्ठलाच्या पायाशी ठिव." मग त्यांनी हात नातीकडे नेला, पण लेकरू दचकून बापाच्या खांद्यात शिरले. तो हात तसाच हवेत राहिला...

हुंदके देणाऱ्या लेकीला खांद्यावर घेऊन कडूबा अंगणात फेऱ्या घालू लागला. हळूहळू लेकरू शांत झाले. उषाबाई उंबऱ्यातून टक लावून पाहत होत्या. लेकाचे ओठ सारखे हलत होते.

"काय म्हणून राह्यला गं त्यो?"

शीतलने त्यांच्या कानाशी तोंड नेले. तिचे डोळे वाहत होते. "गजर, आत्याबाई! हरिनामाचा गजर... लई गोड गळा हाय हो!"

उषाबाईंनी दोन्ही तळहात कानांमागे धरले, श्वास रोखला. काहीच नाही! लेकाचा राग मोठ्या आवाजात होता, तो नीट पोचला होता. हे हळू होते.

"त्यांना मोठ्यानं म्हणायला सांगू का?"

उषाबाईंनी आपल्या रिकाम्या कानांवर पदर ओढून घेतला.

"नको गं... लेकरू झोपलंय."